‘काल रात्री शेवटचं काय बघितलंस?’ : मुलांशी सोशल मीडियाबद्दल बोलायला बसताना

आई केसपेपर हातात घेऊन आत येते, मुलीला पुढे सरकवते आणि खुर्चीत टेकायच्या आधीच सांगून टाकते, “मॅडम, हिला आजार काही नाही, नुसता मोबाईल आहे.” उपजिल्हा रुग्णालयातल्या किशोरवयीनांसाठीच्या ‘मैत्री’ क्लिनिकमध्ये बसा, शाळेत बसा नाहीतर शहरातल्या खासगी दवाखान्यात, समुपदेशक म्हणून पहिल्याच आठवड्यात हे वाक्य कानावर पडणार. मुलगी मान खाली घालून नखं कुरतडत असते. आणि नवीन समुपदेशक हमखास विचारतो, “दिवसातून किती तास बघतेस?”

हा प्रश्न पहिला विचारू नका. उत्तर येतं “दोन तास”, आई लगेच “दोन? दोन म्हणे!” करते आणि तुमच्या टेबलावर घरचं भांडण मांडलं जातं. बरं, उत्तर खरं आलं तरी हाती काय लागतं? चार तास मामेबहिणीशी गप्पा मारणारी मुलगी आणि चार तास आपलं नाक दुसऱ्यांच्या नाकाशी ताडून बघणारी मुलगी, दोघींचे तास सारखेच.

पुढे लिहिलंय ते या कामात नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी. उदाहरणांमधले तपशील बदललेले आहेत, एकात दुसरं मिसळलेलं आहे. कुणी ओळखीचं वाटलं तर ते ती गोष्ट घरोघर घडते म्हणून.

बसायच्या आधी

इन्स्टाग्राम आणि स्नॅपचॅट स्वतःच्या फोनवर घ्या आणि आठवडाभर वापरून बघा. स्टोरी आणि पोस्टमध्ये फरक काय, ‘क्लोज फ्रेंड्स’ची हिरवी कड कुठे दिसते, आपोआप नाहीसे होणारे मेसेज कसे असतात, एकाच फोनवर दोन अकाउंट कशी चालवतात, एवढं तरी डोळ्यांखालून जाऊ द्या. सगळं यायला हवं असं नाही. स्ट्रीक तुटला म्हणून रडणाऱ्या एका मुलाला मी “कसला तुटला?” असं विचारलं होतं. त्याने डोळे पुसले आणि मला अगदी सरांसारखं समजावून सांगितलं : रोज एकमेकांना फोटो पाठवायचा, एक दिवस चुकला की आकडा गेला, आणि त्याचा आकडा गेला होता तो ज्याच्याशी भांडण झालं होतं त्याच मित्राबरोबरचा. त्या दिवशी माझ्या अज्ञानाने माझं काम केलं. न कळणं चालतं. कळल्याचा आव आणलेला मुलांना दोन मिनिटांत कळतो.

आणि तुमचं स्वतःचं अकाउंट प्रायव्हेट करा. मुलं तुम्हाला शोधणारच. फॉलो रिक्वेस्ट आली तर घेऊ नका, पण गप्पही बसू नका. पुढच्या भेटीत सरळ सांगा, “तुझी रिक्वेस्ट दिसली. मी इथे येणाऱ्या कुणाचीच घेत नाही, म्हणजे तुला तिथे मोकळेपणाने राहता येईल.”

फोन कुणाचा?

शहरी पुस्तकांत हा प्रश्न सापडत नाही, आणि आपल्याकडे तर तोच सगळ्यात आधी विचारायला हवा. अनेक घरांत फोन वडिलांचा असतो, संध्याकाळी ते कामावरून आले की हाती पडतो. कुठे दादाचा जुना, काच तडकलेला. कुठे २०२० च्या लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन शाळेसाठी म्हणून हप्त्यावर घेतलेला आणि मग तसाच राहिलेला. अकाउंट दुसऱ्याच्या नावाचं, पासवर्ड चुलतभावाला माहीत, मेसेज आला तर आवाज स्वयंपाकघरात आईला ऐकू जाणार. अशा फोनवर मुलगी जे काही करते ते वाचून लगेच पुसून टाकायचं असतं. ती ‘लपवाछपवी करते’ ही आईची तक्रार खरी असते, पण लपवायला दुसरी जागाच नसते हेही तेवढंच खरं असतं.

म्हणून विचारा : फोन कुणाचा, सिम कुणाच्या नावावर, तुझ्या हातात किती वाजता येतो, अजून कोण उघडतं, लॉक कुणाला माहीत आहे, अकाउंट काढताना वय काय टाकलंस. शेवटच्या प्रश्नावर मुलं हसतात, आणि हसली की बोलायला लागतात. इन्स्टाग्रामने भारतात २०२५ पासून १८ च्या आतल्यांसाठी वेगळी ‘टीन अकाउंट’ आणली आहेत : अकाउंट मुळातच प्रायव्हेट, रात्री १० ते सकाळी ७ नोटिफिकेशन बंद, आणि १६ च्या आतल्यांना या गोष्टी बदलायच्या तर पालकांची परवानगी लागते. पण तेरा वर्षांच्या पोराने जन्मसाल २००० टाकलं असेल तर कंपनीच्या लेखी तो बाप्या माणूस. ही सोय आहे म्हणून निर्धास्त राहू नका.

फोन कुणाचा यावर आणखी एक गोष्ट ठरते, आणि ती नवख्यांच्या लक्षात येत नाही. मुलगी एका मुलाशी चॅट करते, एवढीच माहिती घरी पोचली तर काही घरांत फोन जातो, पाठोपाठ क्लास जातो, मग कॉलेज जातं आणि दिवाळीनंतर स्थळं बघायला सुरुवात होते. तुम्ही आईला ‘विश्वासात घेऊन’ सांगितलेलं एक वाक्य त्या मुलीचं शिक्षण थांबवू शकतं. त्यामुळे काय सांगायचं आणि काय नाही, हे तोंड उघडण्याआधी ठरलेलं हवं.

आई बाहेर, पण त्याआधी

आधी दोघींना एकत्र ऐका, दहा मिनिटं पुरतात. मग दोघींच्या समोरच गोपनीयतेचं बोला. मी साधारण असं म्हणते : “आता मी हिच्याशी एकटीशी बोलणार आहे. ही जे सांगेल ते तुम्हाला जसंच्या तसं सांगणार नाही. पण हिच्या जिवाला धोका आहे असं वाटलं, किंवा कुणी हिला त्रास देतंय, हिचा गैरफायदा घेतंय असं कळलं, तर मला गप्प बसता येत नाही. त्या वेळी आधी हिला सांगेन, मग तुमच्याशी बोलेन.”

“मी कुणालाच सांगणार नाही” असं वचन चुकूनही देऊ नका. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार मुलावर लैंगिक गुन्हा झाल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे आणि न कळवणं हा कलम २१ खाली गुन्हा आहे. ऑनलाइन घडलेलंही त्यात येतं. वचन देऊन मग मोडलंत तर ते मूल तुमच्याकडेच काय, कुठल्याच समुपदेशकाकडे परत येणार नाही.

पहिला प्रश्न

आई बाहेर गेली की मी विचारते, “काल रात्री फोन खाली ठेवायच्या आधी शेवटचं काय बघितलंस?”

यात ना तास आहेत ना चूक-बरोबर. एक रात्र आहे, एक खोली आहे, एक स्क्रीन आहे. मुलांना ते आठवतं, आणि जे आठवतं त्यात बहुतेक वेळा दुखणं असतंच.

अकरावी सायन्सची एक मुलगी. तक्रार : झोप नाही, जेवण नाही, अभ्यास नाही, ‘सतत मोबाईल’. माझ्या प्रश्नावर बराच वेळ गप्प. मग म्हणाली, “काहीच नाही. ग्रुप बघत होते.”

“कुठला ग्रुप?”

“आमचा. म्हणजे आता आमचा नाही.”

क्लासच्या पाच जणींचा व्हॉट्सॲप ग्रुप होता. तो एके दिवशी शांत झाला. कुणी कुणाला काढलं नाही, भांडण नाही, नुसता शांत. चार दिवसांनी एकीच्या स्टोरीत चौघी पाणीपुरी खाताना दिसल्या तेव्हा हिला कळलं की चौघींचा नवा ग्रुप झालाय. तेव्हापासून ही रोज रात्री जुना ग्रुप उघडून बसायची. कुणाचं ‘लास्ट सीन’ कितीचं आहे, चौघी एकाच वेळी ऑनलाइन आहेत का, हे बघायची. चौघी एकदम ऑनलाइन म्हणजे तिकडे बोलणं चाललंय. दीड-दोन वाजेपर्यंत ही हजेरी. एक रील नाही, एक फोटो नाही. आईला दिसत होता तो मोबाईलचा उजेड.

“किती तास?” या प्रश्नाने हे कधीच बाहेर आलं नसतं.

त्या प्रश्नानंतरचे प्रश्न आपोआप सुचतात. ते बघून कसं वाटलं? मग काय केलंस? कुणाला सांगितलंस? असं आधीही झालंय? सोबत चांगलंही विचारा, आणि मनापासून विचारा : तिथे आवडतं काय? कुणाशी बोलून बरं वाटतं? एखाद्या गावातला समलिंगी मुलगा असतो, त्याला आपल्यासारखं दुसरं कुणी जगात आहे हे पहिल्यांदा फोनवरच कळलेलं असतं. एखादी मुलगी यूट्यूबवर पोलीस भरतीची तयारी करत असते. ते न विचारता तुम्ही फोनला शत्रू ठरवलंत, तर त्या मुलाचा एकुलता एक सोबती तुम्ही शत्रू ठरवला असं होतं.

दाखवायला सांगावं का?

सांगावं, पण घाई नको. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत, “तुला चालणार असेल तर दाखव, नाही म्हणालीस तरी चालेल” असं म्हणून. फोन तिच्याच हातात राहू द्या, तुम्ही शेजारी बसून बघा. तुम्ही हातात घेतलात की तुम्ही तिची आई झालात. तिला इन्स्टाग्रामचं एक्सप्लोर पान उघडायला सांगा आणि विचारा, “हे तुला का दाखवतंय असं वाटतं?” मुलांना ॲपची चाल आपल्यापेक्षा जास्त कळते : ज्यावर बोट थांबलं ते आणखी येतं. एका मुलाचं पान वर-खाली सगळं वजन घटवणं आणि जबड्याच्या रेषेचं होतं. तो स्वतःच म्हणाला, “मॅडम, हे मी शोधलं नव्हतं. एकदा थांबलो होतो.” शरीराबद्दलचं आमचं बोलणं तिथून सुरू झालं.

एक खबरदारी : चॅट दाखवताना त्यात दुसऱ्या मुलांचंही खासगी असतं. जेवढं लागतं तेवढंच बघा.

जिथे थांबायचं नाही

दोन गोष्टी प्रत्येक मुलाला विचारायच्या, चेहरा कितीही हसरा असो.

पहिली : “असं काही समोर येतं का, की बघून जास्त वाईट वाटतं, तरी बघत राहतेस?” त्यानंतर स्वतःला इजा करण्याबद्दल आणि मरण्याच्या विचारांबद्दल स्पष्ट शब्दांत विचारा. विचारल्याने डोक्यात विचार घातला जातो ही भीती निराधार आहे. लंडनची मॉली रसेल ही १४ वर्षांची मुलगी २०१७ मध्ये गेली. शेवटच्या सहा महिन्यांत तिने इन्स्टाग्रामवर जतन, लाइक किंवा शेअर केलेल्या सुमारे १६,३०० गोष्टींपैकी २,१०० आत्महत्या, स्वतःला इजा आणि नैराश्य यांच्याशी संबंधित होत्या. तिच्या मृत्यूला या मजकुराने हातभार लावला, असं तिथल्या कॉरोनरने, म्हणजे मृत्यूच्या कारणाची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, २०२२ मध्ये नोंदवलं. घरच्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. अशा मजकुराबद्दल मूल बोललं तर तिरस्कार दाखवू नका, “छे, असलं कशाला बघतेस” नको. धोका किती आहे ते त्याच दिवशी तपासा, मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवा, आणि रात्रीसाठी टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लिहून द्या. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं.

दुसरी : “कुणी फोटो मागितलाय? किंवा पाठवलेल्या फोटोवरून धमकी देतंय?” हा प्रश्न मुलग्यांना विचारायचा राहून जातो. दहावीतला एक मुलगा पोटदुखीसाठी ओपीडीत आला होता, तपासण्या सगळ्या नॉर्मल. एका अनोळखी मुलीच्या अकाउंटवरून ओळख झाली, व्हिडिओ कॉल झाला, तो रेकॉर्ड झाला आणि पाचव्या मिनिटाला त्याच्या फॉलोअर्सच्या यादीचा स्क्रीनशॉट आला : पैसे टाक, नाहीतर या सगळ्यांना पाठवतो. त्याने मित्रांकडून उसने घेऊन यूपीआयने दीड हजार भरले होते, आणि आता पाच हजारांची मागणी होती. असं मूल तुमच्यासमोर बसलेलं असेल तर ते त्या क्षणी फार मोठ्या धोक्यात असतं. त्याला एकट्याला घरी पाठवू नका.

करायचं ते याच क्रमाने. आधी सांगा, “तू गुन्हेगार नाहीस, तुझ्यावर गुन्हा झालाय.” पैसे आणखी भरायचे नाहीत, भरले की मागणी वाढते. चॅट पुसायचं नाही. धमक्यांचे, अकाउंटच्या नावाचे आणि पैसे भरल्याचे स्क्रीनशॉट काढून मग ब्लॉक करायचं. राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार, पैसे गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन. १०९८ ही चाइल्डलाइन मदतीला आहे. पोलिसांना कळवणं ही तुमची जबाबदारी, त्यासाठी वरिष्ठांना सोबत घ्या. १८ च्या आतल्यांच्या फोटोंसाठी ‘टेक इट डाऊन’ नावाची मोफत सेवा आहे : फोटो फोनबाहेर जात नाही, त्याचा फक्त डिजिटल ठसा जातो, आणि सहभागी कंपन्या त्यावरून तो फोटो आपापल्या ठिकाणी शोधून काढून टाकतात. व्हॉट्सॲपसारख्या बंदिस्त चॅटमध्ये तिचा उपयोग होत नाही, हेही सांगा.

आणि हे ठळक अक्षरांत लक्षात ठेवा : तो फोटो किंवा व्हिडिओ तुमच्या फोनवर मागवू नका. पुरावा म्हणूनही नको. मुलांचे असे फोटो जवळ बाळगणं, पुढे पाठवणं हाच माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब खाली गुन्हा आहे. पुरावा मुलाच्या फोनवर असू द्या, पोलीस तिथून घेतील.

“म्हणजे मोबाईलमुळेच ना, मॅडम?”

आई आत आल्यावर हे विचारणार. हो म्हणणं सोपं असतं, आईला बरंही वाटतं. पण तसं म्हणू नका. साडेतीन लाखांहून अधिक किशोरवयीनांच्या माहितीवर ॲमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्रझिबिल्स्की या संशोधकांनी २०१९ मध्ये केलेल्या अभ्यासात मुलांच्या मनःस्वास्थ्यातल्या फरकापैकी डिजिटल वापराशी जोडता आला तो फार तर ०.४ टक्के. ही सरासरी आहे. सरासरीत तो दीड हजार भरलेला मुलगा दिसत नाही, आणि फोनमुळे काही बिघडलेलं नाही अशी शेकडो मुलं त्याला झाकून टाकतात. म्हणून मी आईला सांगते, “सगळ्या मुलांचं सारखं नसतं. हिचं काय आहे ते आपण शोधतोय.” झोपेबद्दल मात्र ठाम बोलते, कारण रात्री दोनपर्यंत जागणारं मूल दुसऱ्या दिवशी कुठल्याच उपचाराला नीट दाद देत नाही.

घरच्यांसाठी माझी मागणी एकच असते : रात्री फोन चार्जिंगला स्वयंपाकघरात. सगळ्यांचे. वडिलांचाही. वडील इथे खुर्चीत चुळबुळ करतात.

बदल किती मोठा?

सुरुवातीच्या काळात मी एका मुलीला माझ्यासमोर इन्स्टाग्राम काढून टाकायला लावलं होतं. तिने निमूट काढलं, मी खूश. दीड महिन्याने कळलं, त्याच संध्याकाळी तिने दुसऱ्या नावाने नवं अकाउंट काढलं होतं, आणि मध्ये घडलेलं सगळं माझ्यापासून लपवलं होतं, कारण आता मीही फोन काढून घेणाऱ्यांपैकी एक झाले होते. त्यानंतर मी कुणाला ‘डिलीट कर’ म्हटलेलं नाही.

आता बदल मूल ठरवतं, तो छोटा असतो आणि आठवडाभरापुरता असतो. अकरावीच्या त्या मुलीने ठरवलं की ग्रुप अर्काइव्हमध्ये टाकायचा आणि स्वतःचं ‘लास्ट सीन’ बंद करायचं. व्हॉट्सॲपवर आपलं बंद केलं की दुसऱ्यांचंही दिसत नाही, हे तिला माहीत होतं. मला नव्हतं. जबड्याच्या रेषेवाल्या मुलाने सुचवला जाणारा मजकूर रिसेट केला, तेवढं एकच बटण. पुढच्या भेटीत “जमलं का?” असं नका विचारू. “काय झालं?” असं विचारा. मुलगी पहिल्या आठवड्यात तीनदा अर्काइव्ह उघडून आली होती, आणि कुठल्या दिवशी उघडलं ते तिनेच सांगितलं : ज्या दिवशी क्लासला बाक एकटीला मिळाला त्या दिवशी. मग आम्ही फोन बाजूला ठेवला आणि बाकाबद्दल बोललो.

केसपेपरवर काय लिहायचं

‘मोबाईल ॲडिक्शन’ लिहू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत, जी २०२२ पासून लागू आहे, गेमिंगचा विकार आहे, पण सोशल मीडियाच्या व्यसनाचं निदान नाही. एकदा लिहिलेला शब्द पुढच्या प्रत्येक डॉक्टरच्या टेबलावर त्या मुलाच्या आधी जाऊन बसतो. जे घडतंय ते लिहा. त्या मुलीच्या पेपरवर माझी नोंद अशी होती :

‘झोप रात्री २ नंतर. मैत्रिणींच्या ग्रुपमधून न सांगता वगळली गेली, सुमारे ५ आठवडे. रात्री ग्रुपवर त्यांची हजेरी तपासते. फोन स्वतःचा, लॉक आईला माहीत. अनोळखी संपर्क नाही, फोटोची मागणी नाही. मरण्याचे विचार विचारले : नाहीत. आईला सांगण्यास मुलीची संमती : ग्रुपबद्दल हो, मैत्रिणींची नावं नको. पुढची भेट बुधवारी.’